नोटाबंदीचा विनोद : हसतो कोण, कोणाला?

संकटकाळात विनोद माणसाला तगवतो, असे आपले प्रस्थापित समीक्षक नेहमी सांगत आले आहेत. मला हे विधान अर्धेच खरे वाटते. विनोद कोणाला तगवतो, आणि कोणाच्या पाठीवर पाय ठेवून, हे विचारल्याशिवाय त्याची समीक्षा पुरी होत नाही.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. चलनातील एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम या दोन नोटांत होती. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर विनोदाचे पीक आले. त्यातले दोन नमुने पाहावेत. पहिला भिकाऱ्याचा : तो कार्ड घासायचे यंत्र घेऊन बसला आहे. दुसरा बायकोचा : नवऱ्यापासून चोरून तांदळाच्या डब्यात ठेवलेले पैसे तिला बाहेर काढावे लागतात आणि नवरा जिंकतो. दोन्हींत हसणारा तोच आहे, खिशात कार्ड असलेला पांढरपेशा पुरुष. डब्यातल्या त्या पैशाला आमच्या वस्तीत चोरी म्हणत नाहीत. दारुड्या नवऱ्याच्या हातून वाचवलेली ती पोराची फी असते. आमच्या घरात बँकेचे पासबुक पहिल्यांदा आले ते माझ्या नावाचे. तोवर डबा हीच आमची बँक होती. त्या डब्यावर मला हसू येत नाही.

याउलट जिथे हसायला हवे होते तिथे वृत्तवाहिन्या गंभीर होत्या. नव्या २००० च्या नोटेत चिप आहे, ती जमिनीत १२० मीटर खोल पुरली तरी उपग्रहाला सापडते, असे काही हिंदी वाहिन्यांनी चित्रे काढून समजावले. या काळातला अस्सल विनोद हाच. फक्त तो करणाऱ्याला ठाऊक नव्हता.

आता मजूर अड्ड्यावरचा विनोद. मुकादमाने आठवड्याची मजुरी रद्द झालेल्या नोटांतच हातावर ठेवलेली. काळ्या पैशाचा विषय निघाला तेव्हा गवंड्याच्या हाताखालचा एक माणूस मला म्हणाला, "मास्तर, आपल्यात काळी निस्ती कातडी. ती बदलून देती का बँक?" अड्डा हसला. या एका वाक्यात वर्ण आहे, श्रम आहे आणि राज्यकर्त्यांच्या शब्दाची उलटतपासणीही आहे. असे वाक्य कुठल्याही वर्तमानपत्राच्या विनोदी सदरात मला सापडले नाही. १९७८ साली १०००, ५००० आणि १०,००० च्या नोटा रद्द झाल्या होत्या. मजुराने त्या नोटा पाहिलेल्याच नव्हत्या, त्यामुळे तेव्हा हसायची पाळी त्याची होती. २०१६ साली ५०० ची नोट त्याच्या कनवटीला होती.

अड्ड्यावरचा हा माणूस कोणत्या परंपरेचा, ते सांगायला हवे. तमाशातला सोंगाड्या राजाची फजिती करतो. सत्यशोधक जलशाने भटजी-सावकाराला हसण्याचा विषय केले, आणि भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी ते शस्त्र आपल्या माणसांच्या हाती दिले. हा विनोद खालून वर जातो. आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' मला आवडतो, पण त्याच्या अंगात कोट आहे आणि तो बोलत नाही. आमचा माणूस उघडा आहे आणि बोलतो. मराठी विनोदमीमांसेने त्याची दखल किती घेतली?

विनोद काय दडवतो हेही पाहावे. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई केली. महाराष्ट्राच्या खेड्यातला शेतकरी आणि शेतमजूर ज्या बँकेला आपली म्हणतो तीच ही बँक. पण विनोद शहरातल्या एटीएमभोवतीच फिरत राहिला, कारण विनोद लिहिणारेही त्याच रांगेत उभे होते.

आणि मग ३० डिसेंबरला 'भीम' ॲप आले. मोबाइलवरून पैसे धाडण्याच्या या सोयीला बाबासाहेबांचे नाव देण्यात आले. दर दहा वर्षांनी नोटा बदला, असे बाबासाहेबच सांगून गेलेत, अशा मजकुराचीही तेव्हा पाठवापाठवी चालू होती. १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथाचा वाद वेगळा आहे. सुवर्ण परिमाण की सुवर्ण विनिमय परिमाण, या वादात बाबासाहेब पहिल्याच्या बाजूने उभे राहिले, कारण चलन राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडणे त्यांना धोक्याचे वाटत होते. रुपया घसरला की भाव आधी चढतात आणि मजुरी मागून रखडत येते, म्हणजे व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या ताटातून निघतो, हे त्यांनी त्यात दाखवले. चलनावरच्या सरकारी मर्जीला लगाम घालू पाहणाऱ्या माणसाचे नाव, मर्जीने एका रात्रीत नोटा रद्द करणाऱ्या सरकारच्या ॲपला! यावर व्यंगचित्र व्हायला हवे होते. आमच्या लेखकांनीही ते केले नाही. आम्ही नावावर खूश झालो.

ऑगस्ट २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात हिशेब आला : १५.४१ लाख कोटींच्या रद्द नोटांपैकी १५.३१ लाख कोटींच्या परत आल्या, म्हणजे ९९.३ टक्के. बहुतेक वर्तमानपत्रांनी ही बातमी कोऱ्या चेहऱ्याने छापली. १९ मे २०२३ रोजी ती २००० ची नोटही चलनातून काढून घेण्याचे जाहीर झाले. चिपचे काय झाले, हे त्या वाहिन्यांना कोणी विचारले नाही.