दहाच्या आत दरबारी

उपनगरातल्या संगीत महोत्सवाच्या पत्रिकेवर ‘सायंकाळी ठीक सहा वाजता’ असं छापलेलं असतं. यातल्या ‘ठीक’ला काडीचाही अर्थ नसतो, हे मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत सगळे जाणून असतात. म्हणून कलावंत सव्वासहाला येतात, श्रोते साडेसहाला येतात आणि प्रमुख पाहुणे सातला येऊन ट्रॅफिकवर बोलतात. पत्रिकेवर न छापलेली एक वेळ मात्र काटेकोर पाळली जाते. ती म्हणजे रात्रीचे दहा. दहाला माईक बंद! मग गवई समेवर येत असो की समेच्या शोधात असो.

समीक्षक मंडळी मैफलीत रागाची बढत बघतात, तानांची दाणेदारी बघतात. मी हल्ली घड्याळ बघतो. कारण मैफलीचा मुख्य गायक आता तेच आहे. बाकी सगळे साथीला.

याची झळ सर्वांत जास्त लागते ती तबलजीला. माझे एक तरुण स्नेही घाटकोपरला राहतात आणि तबला वाजवतात. गेल्या डिसेंबरात बोरिवलीच्या एका पटांगणावर तीन कलावंतांना त्यांची साथ होती. २०१४ साली घाटकोपर-अंधेरी मेट्रो झाल्यापासून त्यांचा दादरचा वळसा वाचला आहे, हे खरं. पण पाठीवर डग्गा, दोन हातांत दोन तबले आणि पिशवीत हातोडी घेऊन निघालेल्या माणसाची तपासणी होणारच.

“हातोडी कशाला?”

“सुरात आणायला.”

“कुणाला?”

पुढे अंधेरीहून संध्याकाळची लोकल. त्या गर्दीतून जी पुडी शाबूत बाहेर पडते ती पुढे कुठल्याही तिहाईला फुटत नाही.

दोन तबले अशासाठी, की पहिल्या बाई काळी चारमध्ये गाणाऱ्या आणि शेवटचे बुवा काळी एकमध्ये. त्यात उघड्यावरची हवा. दव पडलं की पुडी उतरते, मग पुन्हा हातोडी. ते बिचारे विंगेत गट्टे ठोकत होते, तर एक कार्यकर्ता धावत आला. “जरा ठाकठोक थांबवाल का? प्रायोजकांची नावं चालली आहेत.”

नावं बराच वेळ चालली. त्याआधी दीपप्रज्वलन झालं होतं. वारा असल्यामुळे पाच वातींना अर्धी काडेपेटी लागली. मग स्मरणिकेचं प्रकाशन, मग ज्यांनी स्मरणिका काढली त्यांचा सत्कार, मग ज्यांनी सत्काराच्या शाली दिल्या त्यांचा सत्कार. बुवा मंचावर बसले तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यांनी दरबारी कानडा योजला होता. दरबारी हा भर रात्रीचा, भारदस्त राग. त्यातला कोमल गंधार आंदोलित असतो. तो झुलत झुलत यावा लागतो. मागून ढकलून त्याला आणता येत नाही. संथ विलंबित एकतालाचं एक आवर्तन म्हणजे जवळजवळ मिनिटभराचा प्रवास. अशी वीस-पंचवीस आवर्तनं झाल्यावर कुठे दरबारी दार उघडतो. बुवांनी समोरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि चौथ्या आवर्तनालाच लय वाढवायची खूण केली. आता दरबारीचाच एक भाऊबंद आहे अडाणा. चपळ, वरच्या सप्तकात रमणारा. घाईत गायलेला दरबारी नकळत त्याच्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहतो. माझ्या मागचे एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, “अडाणा छान रंगलाय.” त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता.

नऊ चाळीसला चिठ्ठी आली. बुवांनी ती वाचून खाली ठेवली. तेव्हा कार्यवाहच मंचाच्या कडेला येऊन कुजबुजले, “बुवा, आता भैरवी घ्या.”

“अहो, आत्ता तर बसलोय!”

“हो ना. म्हणूनच म्हणतो, उशीर झालाय.”

नऊ बेचाळीसला बोरिवलीत पहाट झाली.

आता यात कायद्याला शिव्या देण्याची पद्धत आहे. मी देणार नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद केले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी पक्कं केलं, आणि पटांगणाच्या शेजारी राहणारा माणूस म्हणून मी त्या न्यायालयाचा ऋणी आहे. गंमत अशी की रागांचं वेळापत्रक शास्त्रशुद्ध मांडणारे पंडित भातखंडे स्वतःही वकीलच. त्यांच्या हिशेबात संध्याकाळी सहा ते पहाटे सहा अशी चार प्रहरांची रात्र. आमच्या हातात उरला एक प्रहर आणि वर तासभर. वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण ती बहुतेक गणपती आणि गरब्यातच खर्च होते. सकाळच्या रागांना निदान दिवाळी पहाट तरी मिळाली. मालकंसानं कुठे जावं?

पण तोच नियम नीट वाचा. बंदिस्त सभागृहाला तो सूट देतो. कलकत्त्याची डोव्हर लेन परिषद सभागृहात रात्र रात्र चालते. आपल्याकडे १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सवही एके काळी सकाळ बघत असे. आणि आपल्या उपनगरांत तर रात्रभराच्या मैफलीला रेल्वेचाच आशीर्वाद होता. एकच्या सुमाराची शेवटची लोकल चुकली की चारच्या सुमाराची पहिली मिळेपर्यंत रसिक जागचा हलूच शकत नसे. अशा पकडून ठेवलेल्या श्रोत्यांनी कितीतरी ललत आणि भटियार ऐकले असतील! आज सभागृहं आहेत, नियम आड येत नाही, तरी साडेनऊला मागच्या रांगेत गाडीच्या किल्ल्या वाजू लागतात. रात्र कायद्यानं घेतली ती मैदानातली. सभागृहातली आपणच परत केली.

परतीच्या लोकलमध्ये मी स्नेह्यांना म्हटलं, “थोडक्यात आटपलं हो तुमचं.” ते म्हणाले, “बारा वर्षं साथ करतोय. दरबारीचा ठेका घरी रोज धरतो. पण मध्यरात्री, लोकांसमोर, निवांत असा एकदाही वाजवला नाही.” तक्रारीचा सूर नव्हता. जे कधी पाहिलंच नाही त्याची तक्रार तरी काय करणार? मला मात्र तेव्हापासून वाटू लागलं आहे, की या तिशीतल्या मंडळींबरोबर रात्रीचे राग संपायचे नाहीत. ते संध्याकाळचे होऊन बसतील, आणि फरक कळणारं कुणी उरणार नाही.

म्हणून आयोजकांना एक सूचना. सभागृह घ्या, रात्रीचं घ्या. तेवढं जमत नसेल आणि पटांगणच हवं असेल, तर सहाला गाणं सुरू करा आणि दहापर्यंत फक्त गाणंच होऊ द्या. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रायोजक आणि प्रमुख पाहुण्यांचं मनोगत दहानंतर ठेवा. बिनमाईकचं. कायद्यात चोख बसतं. ज्यांना ऐकायचं असेल ते पुढे येऊन बसतील.