पुस्तकात नसलेला हंस

सलीम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ १९४१ साली प्रसिद्ध झाले. पक्षिनिरीक्षणाची गोडी या पुस्तकाने अनेक पिढ्यांना लावली. पक्ष्याचा आकार सांगताना चिमणी, मैना, कावळा अशा ओळखीच्या पक्ष्यांची मोजपट्टी वापरायची, ही त्यातील युक्ती तर शिक्षकांनी जशीच्या तशी उचलावी. पण हंसांपाशी आल्यावर या पुस्तकाची मर्यादा जाणवते.

चित्रात सहसा पूर्ण वाढलेला, शुद्ध जातीचा पक्षी असतो. पट्टकादंबाचे उदाहरण घेऊ. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे ही त्याची खूण. समजा, पांढरकवड्याच्या एखाद्या शाळेची सहल हिवाळ्यात सायखेडा धरणावर गेली आणि पट्टे नसलेला, माथा व मानेची मागची बाजू गडद असलेला हंस दिसला. मुले पाने उलटतील आणि ‘नवी जात’ किंवा ‘संकर’ म्हणून मोकळी होतील. वास्तविक पट्टकादंबाच्या लहान पिलांना ते पट्टे नसतात. ते वयाबरोबर येतात.

तरीही संकराची शक्यता उडवून लावता येत नाही. बदक-हंसांच्या कुळात संकर इतर बहुतेक पक्षिकुळांपेक्षा अधिक आढळतो. युरोपातील पाळीव हंस आणि चिनी पाळीव हंस यांच्या संकराचे कळपच्या कळप भारतात पाळले जातात, असे डार्विनने १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये ब्लाइथ व हटन यांच्या हवाल्याने नोंदवले आहे. पहिल्याचा रानटी पूर्वज ग्रेलॅग, दुसऱ्याचा स्वान गूज. जाती दोन, तरी त्यांची संकरित प्रजा वांझ नसते. जातींमधल्या भिंती किती पक्क्या, हा जीवशास्त्रातला मोठा प्रश्न गावतळ्यावरचा हंस असा वर्गात आणून ठेवतो. एका जातीला एक चित्र, या मांडणीत तो प्रश्नच हरवतो.

म्हणून पुस्तक बाजूला टाकू नये; वापरण्याची रीत बदलावी. आधी पक्षी पाळीव आहे का ते पाहावे: जड, लोंबते पोट, चोचीच्या मुळाशी गाठ, माणसाची भीती नसणे. मग वय. मग पिसांतील रंगद्रव्याची उणीव. संकराचा विचार सर्वांत शेवटी, आणि तोही दोन्ही संभाव्य पालकांच्या खुणा अंगावर दाखवता आल्या तरच. आपल्याकडे येणाऱ्या ग्रेलॅगची चोच व पाय गुलाबी, पट्टकादंबाचे पिवळसर नारिंगी. अशा खुणा मुलांनी नावाच्या आधी वहीत लिहाव्यात. ‘ओळख पटली नाही’ हेही उत्तरच आहे. चित्राशी बळेच जुळवलेल्या नावापेक्षा ते अधिक शास्त्रीय आहे.