जोडप्याबाहेरची मुलगी

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत केंद्र काढले, तेव्हा त्यांचा शब्द होता 'संततिनियमन'. त्यात लग्न नाही, कुटुंब नाही. पुढे सरकारी भाषेत 'कुटुंबनियोजन' आले, 'पाळणा लांबवणे' आले आणि आरोग्यसेविकेच्या नोंदवहीत 'जननक्षम जोडपी' आली. शब्दांबरोबर दरवाजाही अरुंद होत गेला, असे माझे म्हणणे आहे.

अंदर मावळातल्या एखाद्या वाडीतून वडगावला किंवा तळेगावला कॉलेजात येणारी सतरा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आणावी. तिचा पाळणा अजून बांधलेलाच नाही. तो लांबवायचा कसा? तांबीला किंवा तीन महिन्यांनी घ्यायच्या 'अंतरा' इंजेक्शनला वैद्यकशास्त्राची आडकाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार वीस वर्षांखालच्या, मूल न झालेल्या मुलीलाही ही साधने सहसा चालतात. पण जोडप्यांच्या वहीत एकटीला रकाना नाही. तिच्याच वयाची, लग्न झालेली मैत्रीण मात्र त्या वहीत बसते! २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. जे लग्न लावणे गुन्हा, तेच इथे प्रवेशपत्र ठरते.

२०१४च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने १० ते १९ वयाची मुले-मुली आपली मानली. महाराष्ट्रातल्या त्यांच्या क्लिनिकांना 'मैत्री' हे नाव मिळाले. नाव चांगलेच आहे. पण २०१२च्या पॉक्सो कायद्याने अठराखालचा शरीरसंबंध संमती असली तरी गुन्हा आहे, आणि तो ठाऊक असून न कळवणाराही दोषी. मुलगी खरे बोलली की मैत्रीला पोलीसठाणे गाठावे लागते. सप्टेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थोडी वाट काढली: अल्पवयीन मुलीने व पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी तिचे नाव कळवण्याची गरज नाही. मात्र तो निकाल गर्भपाताच्या संदर्भातला. दिवस जाऊ नयेत म्हणून आधीच आलेली शहाणी मुलगी तिथेच अडते.

१९३४ साली 'समाजस्वास्थ्य'वर खटला झाला तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. तरी कर्व्यांना दंड झालाच. त्या खटल्यात निदान प्रश्न विचारून झाला होता, उत्तरही छापून झाले होते. आपल्या मुलीचा प्रश्न घशातच राहतो. मग ती लोकलने लोणावळ्याला, ओळखीचे कोणी नसलेल्या मेडिकलमध्ये जाते. संबंधानंतर घ्यायची गोळी तिथे चिठ्ठीशिवाय मिळते. ती एका वेळेपुरतीच असते.