डेस्कटॉप कुणासाठी निवडायचा?

लिनक्सवर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला: 'सगळ्यात चांगला डेस्कटॉप कुठला?' माझी तक्रार या प्रश्नावरच आहे.

उंब्रजकरांना हे चटकन कळेल. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आपल्या गावात, दोन शेजारी चाफळला. तिथला एक हात जोडून उभा, दुसरा प्रतापी. देव एकच, रूपं वेगळी. लिनक्सचंही तसंच. आतली यंत्रणा तीच. ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, सिनॅमन ही वरची रूपं. मेनू कुठे, खिडक्या कशा, सेटिंग कुठे, एवढं ती ठरवतात.

आता हा प्रश्न नुसता हौसेचा राहिलेला नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा मोफत आधार संपला. घरातले, शाळेतले कितीतरी जुने संगणक विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. ते भंगारात जाणार की पोरांच्या अभ्यासाला लागणार, हे बऱ्याच अंशी या निवडीवर आहे. आणि परीक्षणं मोजतात काय? दिसायला कसा आणि रॅम किती खातो!

माझ्या मते पहिली कसोटी सवयीची. 2001 पासून एमएस-सीआयटीने लाखो लोकांचा हात माऊसवर बसवला, तो विंडोजच्या मांडणीवर. ग्नोमने 2011 मध्ये तिसरी आवृत्ती आणली आणि खिडकी खाली ठेवायचं बटणच डीफॉल्टमधून काढलं. रूप देखणं, पण नवशिक्याला वाटतं, खिडकी गेली कुठे? त्याच नाराजीतून माटे आणि सिनॅमन उभे राहिले. प्लाझ्मा ओळखीचा वाटतो, पण त्यात इतकं काही बदलता येतं की नवखा माणूस सेटिंगमध्येच हरवतो. एक्सएफसीई साधा, हलका. 4.18 आवृत्ती डिसेंबर 2022 ची, 4.20 डिसेंबर 2024 ची. ही संथ चाल लोकांना दोष वाटते, मला गुण वाटतो. आज शिकवलेलं पुढच्या वर्षीही जागेवर सापडतं.

दुसरी कसोटी मराठीची. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन्ही शब्द लिहून बघा. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबलं की ऱ येतो. ते काम कीबोर्डच्या मांडणीचं, डेस्कटॉपचं नाही. पण ती मांडणी जोडायची जागा सापडते का, हे डेस्कटॉपच ठरवतो. इथे मात्र ग्नोमला गुण द्यावे लागतात. सेटिंगमध्ये मराठी जोडा, सुपर आणि स्पेस दाबा, भाषा बदलली.

मग घ्यायचं काय? दोन जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई. चार किंवा जास्त असेल आणि घरात चारजण वापरणार असतील तर सिनॅमन. पण हा झाला माझा कौल. तुम्ही पेन ड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, दोन्ही चालवून बघा. आणि खुर्चीत तुम्ही बसू नका; ज्याला रोज वापरायचाय त्याला बसवा. फाईल उघडायला सांगा, मराठीत चार ओळी लिहून सेव्ह करायला सांगा. दहा मिनिटं तोंडातून शब्द काढू नका.

तो कुठे अडला, ते बघा. खरं परीक्षण तेच.