यशोगाथेत गाळलेली माणसे

मंगळवार पेठेतील माझे विद्यार्थी कल्पना सरोज यांची कथा सांगतात : शिलाईकाम, २००६ साली कमानी ट्यूब्जची सूत्रे, २०१३ साली पद्मश्री. बाईंच्या कर्तृत्वाबद्दल आदरच आहे. आक्षेप आहे तो कथा रचणाऱ्यांवर. हाच कारखाना १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कामगारांच्या मालकीचा झाला होता. ते कामगार या कथेत कुठे आहेत?

त्यापेक्षा आमच्या कोल्हापुरातील गंगाराम कांबळे यांची कथा प्रामाणिक. हॉटेल निघाले, पण महाराच्या हातचा चहा पिणार कोण? शाहू महाराज स्वतः येऊन प्याले. म्हणजे कष्टांची वाण नव्हती. गिऱ्हाईक जातीपाशी अडले होते, हे ती कथा लपवीत नाही. नव्या यशोगाथा नेमके हेच गाळतात. मग माझ्यासारखाच घरातला पहिला पदवीधर, कर्जाला जामीनदार न मिळालेला, त्यातून काय शिकतो? आपणच कमी पडलो, एवढेच.