पडद्यावरचे ठिपक्यांचे वर्तुळ

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या पहिलीतल्या मुलीला घेऊन मी वाचन शिकवणारे एक अॅप महिनाभर वापरून पाहिले. पडद्यावर अक्षरांच्या चौकटी. बोट लावले की उच्चार ऐकू येतो, चौकटी जोडल्या की शब्द तयार होतो आणि तारा मिळतो. तिसऱ्या दिवशी वेलांटीची चौकट आली. वेलांटीच्या शेजारी ठिपक्यांचे एक वर्तुळ होते. "हे कोणतं अक्षर?" मुलीने विचारले. ते अक्षर नव्हतेच. स्वरचिन्ह व्यंजनाविना आले की व्यंजनाची रिकामी जागा दाखवण्यासाठी संगणक तसे वर्तुळ काढतो. अंकलिपीत ते मुलाला कधी भेटत नाही.

हा दोष मला किरकोळ वाटत नाही, कारण त्यामागे एक गृहीतक आहे. सुटे ध्वनी ओळखून ते डावीकडून उजवीकडे जोडत जायचे, ही इंग्रजीतली 'फोनिक्स' पद्धत. मराठीत लिपीचे एकक अक्षर आहे. 'कि' हे एकच अक्षर; त्यातली वेलांटी लिहिली जाते 'क'च्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. क, म, ळ या चौकटी जोडल्या, तर प्रत्येकीतला 'अ' पूर्ण ऐकू येतो; आपण मात्र 'कमळ' म्हणताना शेवटचा 'अ' गाळतो. 'चार' आणि 'चारा' यांतले 'च' वेगळे आहेत, पण लिपी तो भेद दाखवत नाही. 'हे जग मोठे आहे' आणि 'तू सुखाने जग' या वाक्यांत 'जग'चा उच्चार कोणता, हे वाक्याचा अर्थच ठरवतो. म्हणजे मराठीत नेमका उच्चार पुष्कळदा अर्थाच्या मागून येतो. चौकटी जोडणाऱ्या अॅपमध्ये अर्थाला जागाच नव्हती.

दुसरा प्रश्न यंत्राच्या कानाचा. मूल मोठ्याने वाचते आणि यंत्र ऐकून चुका दाखवते, ही कल्पना आता नवी नाही. गूगलने 2019 मध्ये 'बोलो' हे अॅप प्रथम भारतातच आणले. पुढे 'रीड अलाँग' या नावाने ते मराठीसह इतर भाषांतही आले. अशा साधनांचा एक गुण मान्य करायलाच हवा: यंत्र कंटाळत नाही, चिडत नाही आणि वर्गात तोंड न उघडणारे मूलही त्याच्यासमोर वाचते.

आमच्या अॅपमध्येही असा ऐकणारा भाग होता. मुलीच्या घरी अहिराणी बोलतात. 'विहिरीत पाणी नाही' हे वाक्य तिने 'विहिरीत पानी नाही' असे वाचले. शब्द लाल झाला. पुन्हा वाचले, पुन्हा लाल. वास्तविक 'पाणी' पाहून घरचा शब्द ओठांवर येणे, हा तिला अर्थ कळल्याचा पुरावा होता. चांगल्या शिक्षिकेने आधी वाचन पुरे होऊ दिले असते, 'ण' नंतर दाखवला असता. यंत्राने बोली आणि चूक एकाच रंगात रंगवली. दोन दिवसांनी मुलगी आईला म्हणाली, "तू चुकीचं बोलतेस."

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. शाळेने मुलाकडे जायचे, हा त्यांचा विचार होता. मोबाइल आज कुरणापर्यंत सहज पोचतो. तो मुलाच्या भाषेपर्यंत पोचतो का, हे शैक्षणिक सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या शाळांनी आणि पालकांनी आधी तपासावे. अक्षर अखंड दाखवले आहे का? वाचून झाल्यावर अर्थ विचारला जातो का? बोलीतला उच्चार चुकीत मोजला जातो का?

शेवटच्या आठवड्यात मी आवाज ऐकणारा भाग बंद केला आणि तेच वाक्य तिच्यापुढे ठेवले. तिने ते 'पानी' म्हणूनच वाचले. विहिरीत पाणी का नसेल, असे मी विचारले. मामाच्या गावाला उन्हाळ्यात विहीर आटते, मग टँकर येतो, आजी हंडे घेऊन रांगेत उभी राहते, असे ती बराच वेळ सांगत राहिली. यंत्राच्या लेखी हे वाक्य तिला अजून वाचता येत नव्हते.