‘धग’मधला खलपुरुष

दिवाळीच्या दिवसांत आपण दोन असुरांची आठवण काढतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेलउटणे लावून, नरकासुर मेला म्हणून आनंद मानतो. आणि दोनच दिवसांनी, पाडव्याला, दुसऱ्या एका असुराचे राज्य परत यावे अशी इच्छा करतो. पुराणात बळी हा दैत्य, आणि त्याला पाताळात दडपणारा वामन हा साक्षात विष्णू. पण ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणत घरधन्याला ओवाळणाऱ्या कुणब्याच्या बायकोला पुराणाचा हा निवाडा मान्य नसतो. तिच्या लेखी बळी हा राजा असतो, दाता असतो आणि शेतकऱ्याचा सोयरा असतो.

एवढ्यावरून एखादा चतुर मनुष्य म्हणेल, की पाहा, दुष्ट आणि सुष्ट हे सारे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते. जगात वाईट म्हणून स्वतंत्र काही नाही. हे मत ऐकावयास गोड आहे. फराळाच्या ताटावर बसून ते मांडणे तर फारच सोपे आहे. ते कितपत टिकते हे आपल्या वऱ्हाडातल्याच एका कादंबरीच्या आधाराने तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. कादंबरी म्हणजे उद्धव ज. शेळके यांची, १९६० साली प्रसिद्ध झालेली ‘धग’.

परंतु कादंबरीकडे वळण्यापूर्वी रिद्धपूरला थोडे थांबले पाहिजे. अमरावती जिल्ह्यात मोर्शीच्या वाटेवरचे हे गाव. आज तेथे मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापन झाले आहे. तेराव्या शतकात महानुभावांच्या आद्य मराठी गद्याचे ते माहेरघर होते. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केशोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले. त्यांतला हत्तीचा दृष्टांत आपणांपैकी बहुतेकांनी शाळेत वाचलेला असतो. जन्मांध माणसे हत्ती चाचपतात. पाय हाती लागला त्याला तो खांबासारखा वाटतो, सोंड लागली त्याला मुसळासारखा, कान लागला त्याला सुपासारखा. मग भांडण जुंपते. डोळस मनुष्य येऊन सांगतो, की हे सर्व अवयव एकाच हत्तीचे.

त्याच गावी चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू राहत. लोक त्यांना राऊळ म्हणत. राऊळांनी लहान मुलासारखे खेळावे, मध्येच रागे भरावे, स्पृश्यास्पृश्य न पाहता कोणाच्याही घरात शिरावे. म्हाइंभटांच्या नावावर असलेले त्यांचे चरित्र वाचताना मौज वाटते ती ही, की काहींना राऊळ वेडे वाटतात आणि काहींना तेच आई व बाप वाटतात. एकाला ज्या वागण्याने विटाळ होतो, त्याच वागण्याने दुसऱ्याच्या घराचे सोने होते. येथे दृष्टिभेदाचा सिद्धान्त पुरेपूर लागू पडतो. माणसाला वेडा, वाईट, दुष्ट ठरविण्यात पाहणाऱ्याचा वाटा किती मोठा असतो, हे मराठी गद्याने आपल्या जन्मकाळीच ओळखले होते म्हणावयास हरकत नाही.

पण हाच सिद्धान्त आणखी पुढे रेटून ‘मुळात वाईट असे काही नाहीच’ इथवर नेता येतो का? दृष्टांतातल्या त्या आंधळ्यांचे एक बरे आहे. त्यांचा हत्ती शांतपणे उभा असतो. ते हत्तीला हात लावतात. हत्ती त्यांच्यावर पाय ठेवीत नाही. पायाखाली सापडलेल्या मनुष्याला हत्ती खांबासारखा वाटतो की सुपासारखा, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. चक्रधरांचा रोख सत्याच्या अंशदर्शनावर होता, तेव्हा यात त्यांचा दोष काहीच नाही. दोष आहे तो हा दृष्टांत दुःखाच्या प्रश्नावर तसाच लावणाऱ्या आपल्या आळसाचा. खुद्द महानुभावांनी जीवाला लागलेली अविद्या खोटी मानली नाही. ती अनादी आणि खरी मानली. त्याच शतकात ज्ञानेश्वरांनी मात्र ‘अमृतानुभवा’त अज्ञानाचे अस्तित्वच खोडून काढले. म्हणजे हा वाद आपल्या भाषेला नवा नाही. तो मोक्षाच्या पातळीवरून चुलीच्या पातळीवर आणला, म्हणजे ‘धग’ सुरू होते.

‘धग’ची कौतिक ही शिंप्याच्या घरातली बाई. नवरा महादेव कामाचा कंटाळा करणारा, संसाराचा भार अंगावर न घेणारा. पदरी मुले. तिची इच्छा फार मोठी नाही. घर उभे राहावे, पोरांनी चार अक्षरे शिकावीत, कोणाच्या दारी हात पसरावा लागू नये. एवढ्यासाठी ती सारी कादंबरीभर राबते, भांडते, नवऱ्याला टोचते, नातलगांशी वाकडे घेते. एकेक आधार निसटत जातो. मोठा मुलगा हाताबाहेर जातो, नवऱ्याला महारोग जडतो आणि अखेर या जिद्दीच्या बाईची शक्तीच संपून जाते.

वाचक म्हणून आपण पहिल्या पानापासून कोणाला तरी शोधीत असतो. कौतिकचा छळ कोण करतो? मराठी कादंबरीने आणि बोलपटांनी आपल्याला तशी सवय लावून ठेवली आहे. मिशांना पीळ देणारा पाटील, चोपड्या लिहिणारा सावकार, नाही तर कजाग सासू, यांपैकी कोणी तरी सापडल्याशिवाय आपल्या रागाला बसावयास जागा मिळत नाही. ‘धग’ ती जागा देत नाही. फार तर आपण महादेवावर चिडतो. पण शेळके त्यालाही दुष्ट होऊ देत नाहीत. त्याची उमेदच खचलेली आहे. बायकोच्या सततच्या टोचण्याने ती उभी राहण्याऐवजी आणखी बसत जाते. त्याच्या बाजूने पाहावे, तर घरात विसावा म्हणून नाही. तिच्या बाजूने पाहावे, तर विसावा घेण्याची ऐपतच या घराला नाही. दोघेही खरे बोलतात, आणि दोघांच्या खऱ्या बोलण्यातून संसार जळत जातो.

मग या कादंबरीत वाईट असे काही नाही म्हणावयाचे काय? पुस्तक मिटल्यावर छातीवर जे ओझे उरते ते कसले? माझ्या मते ‘धग’चे मोठेपण येथे आहे. खलपुरुष नाही, पण अनिष्ट आहे. खलपुरुष ही आपल्या दृष्टीची गरज असते. अनिष्टाला कोणाच्या दृष्टीची गरज लागत नाही. वऱ्हाडी माणूस एखादी वाईट गोष्ट ऐकली म्हणजे ‘काहून?’ असे विचारतो. ‘कोणी केलं?’ या प्रश्नाला ‘धग’मध्ये उत्तर नाही. ‘काहून झालं?’ या प्रश्नाला मात्र पानोपानी उत्तर आहे: तुटपुंजी मिळकत, फुटलेले एकत्र घर, खचलेला कर्ता पुरुष, न झेपणारे आजारपण. निवेदन प्रमाण मराठीत आणि पात्रांचे बोलणे वऱ्हाडीत, अशी या कादंबरीची घडण आहे. त्यामुळे निवेदक शांतपणे सांगत राहतो, आणि जे पोळतात तेच आपल्या बोलीत ओरडतात. निवेदक न्यायाधीश होत नाही, हा तोल सांभाळणे सोपे नाही.

महादेवाच्या महारोगाकडे जरा बारकाईने पाहू. वास्तव आणि दृष्टी यांची सरमिसळ या रोगात जेवढी झाली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशात झाली असेल. पिढ्यान्‌पिढ्या हा रोग म्हणजे पापाचे फळ मानला गेला. रोग्याला गावाबाहेर काढले, त्याचे भांडे वेगळे ठेवले, त्याच्या मुलांच्या सोयरिकी मोडल्या. १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला, तेव्हा पापाचा हिशेब संपावयास हवा होता. तो संपला नाही. खुद्द अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली तपोवन उभारले, ते औषधाबरोबर माणुसकीचीही टंचाई होती म्हणून. आज हा रोग ठरावीक महिने गोळ्या घेऊन बरा होतो. तरीही महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यात होते, आणि ते काढून टाकावयास २०१९ साल उजाडावे लागले.

यात खरे काय आणि दृष्टीचे काय? जंतू खरा. पाप हे नजरेचे. पण नजरेतून निघालेल्या त्या पापाने ज्यांची घरे बसली, त्यांचे घर बसणे पुन्हा खरेच! ‘केवळ दृष्टी’ म्हणून आपण जी सोडून देतो, ती दृष्टीही माणसाला उपाशी ठेवू शकते.

या रोगाची आणखी एक खूण आहे. लेखकाने ती मुद्दाम योजली असे माझे म्हणणे नाही. पण कादंबरीचे नाव ‘धग’ असल्याने ती मनातून जात नाही. महारोगात मज्जातंतू बधिर होतात आणि रोग्याच्या हाताला धग कळेनाशी होते. चुलीवरचे तापलेले भांडे तो सहज उचलतो. त्याला धग जाणवली नाही, म्हणून ती नव्हती काय? हात तर भाजतोच, फोड येतो, तो चिघळतो आणि बोटे झिजतात ती या न कळलेल्या भाजण्यांनीच. वाईट हे केवळ जाणिवेत असते असे म्हणणाऱ्याला यापेक्षा चोख उत्तर मला सुचत नाही. जाणीव गेली तर वाईट नाहीसे होत नाही. उलट ते निर्धास्तपणे आपले काम करीत राहते. व्यक्तीला लागू असलेली ही गोष्ट समाजालाही लागू आहे. कौतिकच्या शेजारीपाजारी जी बधिर माणसे आहेत ती दुष्ट नव्हेत. त्यांना धग कळत नाही, एवढेच.

‘धग’वर माझा एक आक्षेप आहे, तो न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. संकटामागून संकट अशी रांग लागते, तेव्हा कधी कधी वाटते की लेखकाने कौतिकला एकही झरोका मिळू द्यावयाचा नाही असे ठरवूनच टाकले आहे. अशा वेळी कारणांची साखळी सैल पडते आणि तिच्या जागी दैव येऊन बसते. दैव म्हटले की ‘काहून?’ विचारण्याची सोय राहत नाही; आणि खलपुरुषाला दारातून घालवून त्याला खिडकीतून आत घेतल्यासारखे होते. पण हे क्षण थोडे आहेत. कौतिक पुन्हा कंबर कसून उठते, आणि दैव मागे पडते.

दैवाचे नाव न घेणारा एक मनुष्य याच मुलखात होऊन गेला. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी झाला आणि बालपण अकोला जिल्ह्यातल्या दापुरीला, मामाच्या घरी गेले. मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यांनी पाहिली होती. म्हणजे कादंबरीकाराला हवा असतो तसा खलपुरुष त्यांच्या आयुष्यात आयता हजर होता. पुढे कीर्तनाला उभे राहिल्यावर मात्र त्यांनी श्रोत्यांना सावकाराचा द्वेष शिकविला नाही. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवापुढे बकरे कापू नका, पोरांना शाळेत घाला, असे ते प्रश्नामागून प्रश्न विचारून लोकांच्याच तोंडून वदवून घेत. १९५६ साली वलगावजवळ वाटेतच त्यांनी देह ठेवला, तोपर्यंत हातातला खराटा सुटला नाही. कचरा हा दृष्टीचा भास आहे की पदार्थ आहे, याची चर्चा करीत ते कधी बसले नाहीत. ‘हा कचरा कोणी केला?’ यापेक्षा ‘तो येथे का साचतो?’ हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटला. ‘धग’ वाचून झाल्यावर सुज्ञ वाचकाच्या मनात उठावयास हवा, तो हाच प्रश्न.

आता पुन्हा पाडव्याच्या निरांजनाकडे येऊ. ओवाळणाऱ्या त्या बाईच्या बोलात दोन गोष्टी आहेत. बळीचे राज्य यावे, ही एक. येथे पुराण एक म्हणते, ती दुसरे म्हणते. दैत्य कोण आणि राजा कोण, हे खुशाल पाहणाऱ्याच्या नजरेवर सोडावे. परंतु त्याआधी ती इडापिडा टळो म्हणते. पिडेविषयी तिच्या मनात संशय नाही. ती असते, घरात शिरते, आणि टाळावी लागते, हे तिने धरूनच चालले आहे. माणसांविषयी मन मोकळे ठेवावे आणि पिडेविषयी डोळे उघडे ठेवावेत, एवढे शहाणपण त्या एका ओळीत आहे. कौतिकला ओवाळणीच्या तबकात घालावयासही काही उरले नव्हते. यंदा निरांजन लावताना तिची आठवण झाली, तर सणाचा आनंद कमी होणार नाही. आपल्या हाताला धग अजून कळते आहे, एवढी खात्री मात्र पटेल.